रातांबे पिकायच्या आधी: घरच्या आगळ-सत्त्वाची रीतसर नोंदणी करताना

कोकम आगळ (म्हणजे रातांब्याचा, कोकमाच्या फळाचा, खारवलेला रस), आमसुलं, नाचणीचं सत्त्व आणि कुळथाचं पीठ हे पदार्थ आमच्या घरात दरवर्षी होतात. देवरुखपासून थोडं आत आमचं गाव. मे महिन्यात आलेले मुंबई-पुण्याचे नातेवाईक जाताना बाटल्या घेऊन जायचे. पुढे त्यांचे शेजारीपाजारी मागायला लागले, मग ओळखीतल्या एका दुकानदाराने विचारलं, "लायसन्स आहे का? असेल तर ठेवतो." २०२३च्या जानेवारीत मी आणि थोरल्या जाऊबाईंनी ठरवलं की यंदाचा हंगाम लागायच्या आत हे रीतसर करायचं. तेव्हा कोणी म्हणे एजंट गाठा, कोणी म्हणे गावात कोण विचारतंय. पण सगळं स्वतः करून पार पडलेलं आणि क्रमाने सांगेल असं एकही माणूस भेटलं नाही. पुढचा मजकूर अशा बायकांसाठी आहे ज्या आज तिथेच उभ्या आहेत. यातले आकडे आणि शुल्क २०२३ सालचे आहेत. नियम आणि मर्यादा अधूनमधून बदलतात, त्यामुळे अर्ज भरण्याआधी सरकारी संकेतस्थळावर ताजी माहिती बघून घ्या.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला शहरातल्या एका एजंटाला फोन केला. त्याने "फूड लायसन्स"चे साडेतीन हजार सांगितले. कशाकशाचे ते विचारलं तर "सगळं धरून" एवढंच उत्तर. रात्री मुलीला शेजारी बसवून आम्ही अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं, म्हणजे एफएसएसएआयचं संकेतस्थळ वाचायला घेतलं. वर्षाची उलाढाल बारा लाखांच्या आत असेल तर परवाना लागतच नव्हता, नुसती नोंदणी पुरत होती आणि तिचं शुल्क होतं वर्षाला शंभर रुपये. एक ते पाच वर्षांपर्यंतची नोंदणी एकदम घेता येत होती. पाच वर्षांचे पाचशे! त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की हे आपल्याला जमेल. परवाना आणि नोंदणी यांतला फरक तुम्हीही लक्षात ठेवा. पुढे जो चौदा आकडी क्रमांक मिळतो त्याचा पहिला आकडा नोंदणीचा असेल तर २ असतो, परवान्याचा असेल तर १.

अर्ज भरण्याआधी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंद, केली. अन्न नोंदणीला ती सक्तीची नाही, पण बँकेत चालू खातं उघडताना तिचा उपयोग होतो. आधारला जोडलेला मोबाइल आणि पॅन कार्ड हाताशी असलं की अर्ध्या तासात होते आणि तिला एक पैसाही लागत नाही. शोधायला गेलात की सरकारीसारखी दिसणारी, पैसे मागणारी संकेतस्थळं आधी वर येतात. पत्त्याच्या शेवटी gov.in ही अक्षरं नसतील तर तिथे आधार क्रमांक टाकू नका.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात एफएसएसएआयच्या फॉसकॉस या पोर्टलवर नोंदणीचा अर्ज, 'फॉर्म ए', भरला. फोटो, आधार, जागेचा पुरावा एवढीच कागदपत्रं. अडलं ते पदार्थांच्या वर्गवारीत. नाचणी आणि कुळीथ धान्य-कडधान्यात, आगळ फळांच्या पदार्थांत, इथपर्यंत सरळ होतं. आमसुलं कुठे घालायची? फळाची साल म्हणून फळांत की आमटीत पडतात म्हणून मसाल्यात? स्पाइसेस बोर्डाच्या यादीत कोकम मसाला म्हणून आहे. हेल्पलाइनवर विचारून दोन्ही वर्ग निवडले. माझा सल्ला असा की आज करता ते पदार्थ तर लिहाच, शिवाय पुढच्या वर्षी जे करण्याचा विचार आहे तेही आत्ताच अर्जात घाला. नंतर वाढवायचं तर बदलाचा अर्ज वेगळा करावा लागतो.

पंधरवड्याने अर्जावर त्रुटी निघाली. आमच्या घराचं वीजबिल अजून आजेसासऱ्यांच्या नावावर येतं, आणि ते जाऊन वीस वर्षं झाली. कोकणातल्या निम्म्या घरांची हीच गत असेल. उपाय सोपा निघाला. ग्रामपंचायतीतून घराचा नमुना ८चा उतारा काढला, तो सासऱ्यांच्या नावावर आहे. सोबत त्यांचं साध्या कागदावरचं संमतीपत्र जोडलं: माझ्या घराच्या पडवीत सुनांना खाद्यपदार्थ करण्यास हरकत नाही. मामंजींनी सही करण्याआधी ते पत्र दोनदा वाचलं आणि "सुना" खोडून तिथे आम्हा दोघींची पूर्ण नावं लिहायला लावली. उताऱ्यासाठी ग्रामसेवकांची गाठ पडायला आठवडा गेला, कारण त्यांच्याकडे तीन गावं. त्रुटीचं उत्तर मुदतीत दिलं नाही तर अर्ज रद्द होतो, म्हणून पोर्टल रोज उघडून बघायची सवय लावा. मोबाइलवर येणाऱ्या संदेशावर विसंबून राहू नका.

त्याच दिवसांत विहिरीच्या पाण्याची तपासणी करून घेतली. अर्जात ती मागितली नव्हती, पण तपासणीला कोणी आलं तर विचारतील असं एका ओळखीच्या बेकरीवाल्याने सांगितलं होतं. जंतूंच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेतून निर्जंतुक बाटली आणावी लागते, घरची उकळून घेतलेली चालत नाही. नळ किंवा पोहरा स्वच्छ करून, बाटलीच्या तोंडाला बोट न लावता पाणी भरायचं आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवायचं. यजमान सकाळच्या पहिल्या एसटीने बाटली घेऊन गेले. अहवालात पाणी पिण्यायोग्य आलं, तरी आम्ही विहिरीवर जाळी बसवून घेतली.

एप्रिलच्या मध्याला अन्न सुरक्षा अधिकारी मॅडम घरी आल्या. आदल्या रात्री मला झोप नव्हती. जाऊबाई पहाटेपासून पडवी पुसत होत्या. प्रत्यक्षात मॅडम चहा घेत तास-दीड तास बसल्या आणि त्यांनी जे पाहिलं ते कुठल्याही चांगल्या गृहिणीने पाहिलं असतं. गोठा किती लांब, खिडकीला जाळी आहे का, फिनेलची बाटली पिठाच्या डब्याजवळ तर नाही ना, हात धुवायची जागा कुठे, डोक्याला काय बांधता. एका गोष्टीवर त्यांनी बोट ठेवलं. आम्ही नाचणी जमिनीवर चादर अंथरून वाळवायचो. "मांडव घाला, कमरेएवढा उंच. कोंबड्या येणार नाहीत आणि तुमची कंबरही वाचेल." बांबू घरचेच होते. शेडनेटला आणि खिडकीच्या जाळीला मिळून दोन हजारांच्या आसपास गेले.

मग मी लेबलचा कच्चा कागद पुढे केला. तो छापायला टाकण्याआधी त्यांना दाखवायचा असं ठरवूनच ठेवला होता. त्यावर सासूबाईंनी सांगितलेलं सगळं जाऊबाईंनी सुंदर अक्षरात उतरवलं होतं: आगळ पित्तनाशक, नाचणी सत्त्व हाडांना बळकटी देणारं, आणि आम्ही नव्याने करायच्या विचारात असलेली गुळवेलीची पूड ताप आणि मधुमेहावर गुणकारी. मॅडमनी पेन घेतलं आणि एकेक ओळ शांतपणे समजावत खोडली. खाद्यपदार्थाच्या लेबलवर रोग बरा होतो, टळतो असं लिहिता येत नाही. मधुमेह तर १९५४च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यातल्या यादीतच आहे. गुळवेलीची पूड औषध म्हणून विकायची तर तो अन्नाचा विषयच राहत नाही. त्याला आयुर्वेदिक औषधनिर्मितीचा परवाना लागतो, आणि त्यासाठी वेगळी जागा, जाणकार माणूस, चाचण्या सगळं आलं. 'सेंद्रिय' लिहायचं तर प्रमाणपत्र दाखवा. 'नैसर्गिक', 'पारंपरिक' या शब्दांनासुद्धा अटी आहेत.

सासूबाई आतून ऐकत होत्या. मॅडम गेल्यावर म्हणाल्या, "मग काय आम्ही आजवर खोटं सांगत आलो?" त्यांना लागलं होतं आणि ते मला दिसत होतं. या घरात कोणाच्या अंगावर पित्त उठलं की त्याच आमसुलाचं पाणी लावतात, तापातून उठलेल्याला त्याच सत्त्वाची पेज देतात. त्यावर माझा विश्वास आहे आणि तो आजही तसाच आहे. पण सासूबाई ते सांगतात तेव्हा समोरच्याला ओळखून सांगतात. त्याला रक्तदाब आहे का, बाळंतीण आहे का, किती दिवस घ्यायचं, हे त्या आधी विचारतात. बाटलीला विचारता येत नाही. आगळात मीठ भरपूर असतं. पित्तनाशक वाचून रक्तदाबाच्या कोणी माणसाने ते रोज पेलाभर घेतलं तर? मधुमेहावर गुणकारी वाचून कोणी गोळी सोडली तर? हे मी त्यांना असंच सांगितलं. त्या जरा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "मिठाचं ठळक लिही मग."

गुळवेलीचा विचार आम्ही तिथेच सोडला. त्याला आणखी एक कारण होतं. गुळवेलीसारखीच दिसणारी तिची एक बहीण जात आहे, तिच्या खोडावर गाठीच गाठी असतात आणि तोडल्यावर दुधासारखा चीक येतो. या दोन्हींत गल्लत करू नका असं आयुष मंत्रालयानेही सांगितलेलं आहे. आमच्या परसातली वेल आम्ही ओळखतो. पण उद्या मागणी वाढली आणि दुसऱ्याने तोडून आणलेली घेतली तर तिची खात्री कोण देणार? परसातली वेल घरच्यांसाठी आहे, तेवढी पुरे.

नोंदणीचं प्रमाणपत्र एप्रिलच्या शेवटी पोर्टलवर आलं. ते छापून पडवीत दिसेल असं लावायचं असतं. मामंजींनी त्याला काचेची फ्रेम करून आणली.

तोवर रातांबे लालभडक व्हायला लागले होते. हा काळ म्हणजे दम घ्यायला उसंत नाही. झाडावरून काढलेलं फळ दोन-तीन दिवसांत मऊ पडतं आणि मेअखेर वळवाच्या सरी सुरू झाल्या की वाळवण संपलं. सकाळी फळं धुवून निथळत ठेवायची, दुपारी फोडून साली एकीकडे, गर-बिया दुसरीकडे. आगळासाठी साली आणि मीठ थरावर थर देऊन चिनीमातीच्या बरणीत भरायचं. आमचं प्रमाण किलो सालींना दीडशे ते दोनशे ग्रॅम मीठ. रोज लाकडी उलथन्याने खालवर करायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बरणीतून लालजर्द रस वर दिसायला लागतो, दहा-बारा दिवसांनी साली आक्रसतात आणि मग गाळायचं. ॲल्युमिनियम किंवा लोखंडाचं भांडं मध्ये कुठेही येऊ द्यायचं नाही, आंबट रस ते खातो. आमसुलांच्या साली गराच्या खारट रसात बुडवून उन्हात, पुन्हा बुडवून उन्हात, अशी पुटं द्यायची, साल काळपट आणि लवचिक होईपर्यंत. बियांचं मुठेल, म्हणजे कोकमाचं तूप, आम्ही भेगाळलेल्या टाचांसाठी घरात ठेवतो. ते विकत नाही, कारण तो पुन्हा तिसराच परवाना.

त्या वर्षी या सगळ्यात एक वही वाढली. कोणत्या दिवशी कोणत्या झाडाची फळं, किती किलो, किती मीठ, कधी गाळलं. हाच पुढे बाटलीवरचा बॅच नंबर होतो. जाऊबाईंना आधी हे लिखाण कटकटीचं वाटायचं. जूनमध्ये एका बरणीतल्या आगळावर पांढरी साय दिसली तेव्हा वही उघडून नेमक्या त्याच दिवसाच्या बाटल्या बाजूला काढता आल्या. त्यानंतर वही त्याच लिहितात, मला हात लावू देत नाहीत.

सगळ्यात मोठा खर्च झाला प्रयोगशाळेचा. 'किती दिवस टिकतं' हे अंदाजाने छापायचं आम्हाला पटलं नाही, म्हणून मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळेत तीन नमुने पाठवले. सहा हजारांच्या घरात गेले आणि निकाल यायला महिना लागला. सत्त्वात ओलावा किती आहे यावर त्याचं आयुष्य ठरतं हे तिथे कळलं. तेव्हापासून नाचणीला मोड आणून वाळवणं, दळणं, वस्त्रगाळ करणं आणि पिशव्या भरणं हे सगळं मृग लागायच्या आत उरकतो. पावसाळ्यात फक्त विक्री. आगळ उजेडात ठेवलं तर त्याचा लाल रंग उतरतो, त्यामुळे पारदर्शक बाटल्या खोक्यात बंद ठेवतो.

लेबलच्या मागे जून गेला. पदार्थाचं नाव, घटक जास्तीपासून कमीकडे, हिरव्या चौकटीतलं हिरवं टिंब, निव्वळ वजन किंवा माप, बॅच, तयार केल्याची तारीख, केव्हापर्यंत वापरावं, नाव-पत्ता, एफएसएसएआयचं चिन्ह आणि क्रमांक, पोषणमूल्यांचा तक्ता, हे अन्नाच्या कायद्याचं झालं. त्याशिवाय वैधमापन शास्त्र विभागाचे, म्हणजे वजन-मापांवर लक्ष ठेवणाऱ्या खात्याचे, नियम वेगळे: सर्व करांसह किंमत, शिवाय प्रति मिली किंवा प्रति ग्रॅम किंमत, आणि तक्रारीसाठी फोन व ईमेल. म्हणजे अर्ध्या लिटरची बाटली दीडशेला असेल तर प्रति मिली तीस पैसे हेही छापायचं. आवेष्टक, म्हणजे माल पॅक करणारे, म्हणून त्या विभागाकडेही नोंदणी असते, तिचे पाचशे रुपये. आणि वजनकाटा! बाजारातून आणलेला इलेक्ट्रॉनिक काटा तसाच वापरता येत नाही, त्याची पडताळणी करून मुद्रा मारून घ्यावी लागते आणि ती ठरलेल्या मुदतीने पुन्हा करावी लागते. हा भाग मला कोणीच सांगितला नव्हता, एका किराणा दुकानात काट्यावरचं सील बघून मी चौकशी केली. अक्षरांच्या उंचीचेही नियम आहेत, तेव्हा छापखान्यात जाताना ते सोबत न्या. आमच्या छापखानेवाल्याला वेलबुट्टी मोठी आणि घटक बारीक हवे होते. आम्ही उलटं करून घेतलं. "मीठ" ठळक आहे आणि त्याखाली एक ओळ: पाणी घालून पातळ करून वापरावे.

'सिंधुदुर्ग-रत्नागिरी कोकम' याला भौगोलिक मानांकन आहे, पण ते नाव आणि चिन्ह वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते. ती आम्ही अजून केलेली नाही, म्हणून लेबलवर नुसतं गावाचं नाव आहे. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेचीही चौकशी केली. तालुका कृषी कार्यालयातून जिल्हा संसाधन व्यक्तीचा नंबर मिळाला आणि त्यांनी फोनवर नीट समजावलं: प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त दहा लाख, किमान दहा टक्के स्वतःचे आणि बाकी बँकेचं कर्ज. त्यांच्या मदतीचे पैसे आपल्याला द्यावे लागत नाहीत. आमची उडी तेव्हा एवढी मोठी नव्हती. कर्ज न काढता एक हंगाम बघू असं दोघींनी ठरवलं आणि मला अजूनही तो निर्णय बरोबर वाटतो.

पहिली खुली विक्री ऑगस्टमध्ये तालुक्याच्या रानभाजी महोत्सवात झाली. कृषी विभाग दरवर्षी भरवतो तो. टेबलाच्या एका बाजूला लेबल लावलेल्या बाटल्या आणि पिशव्या, दुसऱ्या बाजूला टोपल्यांत टाकळा, कुर्डू, फोडशी आणि भारंगी. ताज्या सुट्या भाजीला लेबल लागत नाही, पण ओळख लागते. ती सासूबाई देत होत्या. टाकळ्याची कोवळी पानंच घ्या, कुर्डूला लसूण सढळ हाताने घाला, भारंगी उकडून पाणी पिळून टाका नाहीतर कडू लागेल. त्यांच्याभोवती जितकी गर्दी होती तितकी आमच्या बाटल्यांभोवती नव्हती. एका बाईंनी सत्त्वाची पिशवी उचलून विचारलं, "शुगरला चालेल ना?" जाऊबाई म्हणाल्या, "ताई, ही नाचणी आहे, घरची. शुगरचं तुमच्या डॉक्टरांना विचारा." बाईंनी पिशवी खाली ठेवली, मागचं लेबल पूर्ण वाचलं आणि दोन घेतल्या.

त्या वर्षी काटा, जाळी, लेबलं, प्रयोगशाळा, बाटल्या सगळं धरून तेवीस-चोवीस हजार गेले. त्यात सरकारी शुल्क हजार-बाराशेच्या वर नव्हतं. कागदांचा हिशोब स्वस्त आणि वेळखाऊ, वस्तूंचा त्याच्या उलट. गुंतवलेले पैसे दुसऱ्या हंगामात सुटले.

आता जाऊबाईंच्या माहेरच्या बायका, तिकडे राजापूरला, फणसपोळी आणि आंबापोळीसाठी हेच करताहेत. त्यांना आम्ही एवढंच सांगितलं आहे की वीजबिल कोणाच्या नावावर आहे ते आजच बघा, हयात माणसाच्या नावावर नसेल तर नमुना ८चा उतारा काढायला टाका, आणि अर्ज फेब्रुवारीत भरा. मार्च-एप्रिल त्रुटी आणि तपासणीत जातो, आणि एकदा फणस पिकायला लागले की कोणालाही पोर्टल उघडायला वेळ मिळत नाही.